निम्मा जार

माझ्या सासऱ्यांच्या पोटाचा सीटी स्कॅन मी बिघडवला, तोही मशीनच्या जवळपास न फिरकता.

सासरे यवतमाळकडचे. कित्येक महिने त्यांचं पोट दुखत होतं, म्हणून बायकोने त्यांना पुण्यात, धायरीला आमच्याकडे आणलं. "लहान आतड्याचा खास स्कॅन करा, त्यात कळेल," असं डॉक्टर म्हणाले. नेमकी बायकोला खराडीच्या ऑफिसातून सुट्टी मिळेना.

"तुला काही करायचं नाहीये," ती म्हणाली. "बाबांच्या शेजारी नुसतं बसायचं. जमेल?"

(लग्नानंतर माझ्या अंगभूत गुणांना प्रथमच वाव मिळत होता.)

स्कॅन सेंटरमधल्या डॉक्टरीणबाईंनी सासऱ्यांपुढे एक भला मोठा जार ठेवला. "आजोबा, हे गोड पाणी तासाभरात हळूहळू, पण सगळं प्यायचं. आतडी छान फुगायला हवीत. चुरगळलेल्या मोज्यातलं भोक दिसतं का? तसंच आहे ते."

त्या आत गेल्या. सासऱ्यांनी पहिला ग्लास भरला आणि माझ्यापुढे धरला.

"घ्या जावईबापू."

"अहो, ते तपासणीचं आहे!"

"आमच्याकडं समोर मानूस बसला असतांना एकट्यानं कोनी पेत नाही. पुण्यात पेत असतीन."

झालं! अख्ख्या पुण्याची अब्रू त्या ग्लासात तरंगू लागली. मी तो घटाघट प्यायलो. मग त्यांनीही एक घेतला. पुढे तोच नियम: एक मला, एक त्यांना. (समोरच्या बाकावरच्या काकूंनाही त्यांनी विचारलं. काकूंनी डोळे मिटून घेतले. या शहराच्या शिष्टाचाराला तोड नाही.) जार वेळेआधीच संपला, तेव्हा मी बायकोला अभिमानाने कळवलं, "बाबांनी थेंबही शिल्लक ठेवला नाही!"

सासरे स्कॅनला आत गेले आणि माझ्या पोटात ढोल-ताशा पथकाचा सराव सुरू झाला. मी धावलो.

थोड्या वेळाने संडासाच्या दाराबाहेर बाईंचा आवाज आला.

"अहो, आजोबांची आतडी धड फुगलीच नाहीत. असल्या चित्रात काही कळणार नाही. ते म्हणतायत, दोघांनी मिळून संपवलं. खरं का?"

"आग्रह झाला हो..." मी आतून.

"पुण्यात राहून तुम्हाला नाही म्हणता येत नाही?"

मी नळ सोडला.

"किती प्यायलात?"

"निम्मं."

"मग आपणच मशीनवर यायचं होतंत. तयारी उत्तम झालीय!"

दुसरा जार आला. पाठोपाठ मीटिंग सोडून बायको आली. तेवढ्यात सासऱ्यांनी माझं दार ठोठावलं. "जावईबापू, या ना बाहेर! तुमच्याबिगर घशाखाली उतरत नाही!"

"बाबा!" बायको कडाडली. "तो आता महिनाभर काही पिणार नाही. तुम्ही प्या!"

बापाने निमूट अख्खा जार रिचवला. या वेळी आतडी अशी फुगली, की बाई चक्क "छान" म्हणाल्या. (पुण्यात याला पुरस्कार समजतात.) दुखण्याचं मूळ सापडलं: एका जागी सूज, गोळ्यांनी बरी होण्यासारखी. ही आनंदाची बातमी बायकोने मला हसत हसत सांगितली. दाराबाहेरूनच.

आता सासरे ठणठणीत आहेत. गावभर सांगतात, "तपासनी माही, तरास जावयाले! असा जावई भेटत नाही." माझ्याविषयीची काळजीही वाढली आहे. पूर्वी सासुरवाडीच्या उंबऱ्यावर माझ्यापुढे पाण्याचा तांब्या यायचा. हल्ली आधी संडास कुठे आहे ते दाखवतात, मग पाणी विचारतात. तेही अर्धाच पेला!