दिराशी लागलेलं लग्न

देओलिंदाचं लग्न लागलं तेव्हा तिचा नवरा समुद्रापलीकडे होता. कुस्तोदिओची ब्राझीलच्या सांतोस बंदरात बेकरी होती आणि भट्टी सोडून पोर्तुगालला यायला त्याला सवड नव्हती. त्याने मुखत्यारपत्र पाठवलं आणि चर्चमध्ये त्याच्या जागी धाकटा भाऊ अमादेउ उभा राहिला. त्या डोंगराळ गावात याचं कुणाला नवल नव्हतं. निम्मे बाप्ये ब्राझीलला गेलेले, त्यांच्यामागून बायका अशाच जायच्या. पाद्र्याने विचारलं, अमादेउ भावाच्या वतीने 'होय' म्हणाला आणि मान खाली घालून त्याने तिच्या बोटात अंगठी घातली.

जेवताना वाइन चढल्यावर चेष्टा सुरू झाली. "अमादेउ, 'होय' भावासाठी म्हणालायस, विसरू नकोस. नाहीतर बोटीवर तूच चढून बसशील." सगळे खो खो हसले. देओलिंदाही हसली. बटाट्याचं शेत आणि गुरांच्या गोठ्यावरची ती कुबट खोली आता सुटणार, याच आनंदात ती होती. फक्त अमादेउ हसला नाही. तिला वाटलं, लाजला असेल.

सांतोसच्या धक्क्यावर कुस्तोदिओ न्यायला आला तो पिठाने पांढऱ्या झालेल्या चपला घालूनच. माणूस दिसायला बरा होता, वागायलाही बरा. हात उगारायचा नाही, दारू बेताची. बेकरीच्या मागच्या दोन खोल्यांत संसार लागला आणि दुसऱ्याच दिवशी ती गल्ल्यावर उभी राहिली.

भाषा एकच, तरी तिथे ती परकीच. ती बोलायला लागली की गोदीतले हमाल एकमेकांना कोपर मारायचे.

"काय म्हणालात बाई? परत सांगा."

"पाव ताजा आहे म्हटलं."

"अर्धा शब्द येतोय, अर्धा बोटीवर राहिला वाटतं."

सुरुवातीला ती खोलीत जाऊन रडली. पुढे तिलाही उत्तरं सुचायला लागली, पण 'पोर्तुगीजबाई' हे नाव चिकटलं ते चिकटलंच.

पहिलं वर्ष सरता सरता तिला कळलं. संध्याकाळी उरलेले पाव कापडात बांधून कुस्तोदिओ टेकडीवर जायचा. गरिबांना वाटतो, असं तिला वाटायचं आणि मनातून ती त्याचं कौतुकही करायची. एकदा ती माशांच्या बाजारात उभी असताना कोळीण पलीकडे बोट दाखवून सहज म्हणाली, "तुमच्या बेकरीवाल्याची जुरेमा बघा, पोराला जोडे घेतेय. नाक अगदी बापाचं आहे, नाही?"

जुरेमा सावळी, उंच, ठसठशीत बाई होती. कडेवर एक, हाताला धरलेलं एक. मोठ्याचं नाक खरोखरच कुस्तोदिओचं होतं.

घरी येऊन तिने मासे ओट्यावर ठेवले आणि विचारलं, "ती बाई होती, तर मला कशाला आणलंत?"

कुस्तोदिओने मान वर न करता सांगितलं, "तिचा फोटो आईला कसा पाठवणार? रंग बघितलास ना तिचा? आईला गावातली सून हवी होती. आणि दुकानात आपलं माणूस लागतंच." मग म्हणाला, "तुला काय कमी आहे इथे? बस आता, जेवून घे."

तिने गावी काही कळवलं नाही. आईला वाचता येत नव्हतं. पत्र पाद्रीबाबाच वाचायचा, तेही रविवारी चर्चच्या पायरीवर, चार बायकांसमोर. त्यामुळे देओलिंदा लिहायची की नवरा जपतो, दुकान जोरात आहे, समुद्र फार सुंदर दिसतो. आईला सुखाने झोप लागावी म्हणून तिने सगळं आयुष्य हे खोटं नेटाने चालवलं. आई गेली तेव्हाही ती गल्ल्यावरच होती. तिला मूल झालं नाही. जुरेमाची तीन मोठी झाली. दुकानात आली तर देओलिंदा त्यांना पाव द्यायची आणि इतर गिऱ्हाइकांसारखीच नाणी मोजून घ्यायची.

म्हातारपणी कुस्तोदिओला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. एकच शब्द उरला, जुरेमा. देओलिंदा त्याला पुसून काढायची, कूस बदलायची, कोबीच्या पानांचं सूप गाळून भरवायला बसायची. तो ओठ घट्ट मिटून घ्यायचा आणि दाराकडे बघायचा. चार दिवस पोटात काही गेलं नाही, तेव्हा तिने शेजारच्या पोरीला टेकडीवर पाठवलं.

जुरेमा आली, दारातच थबकली.

"ये," देओलिंदा म्हणाली. "तुझ्या हातचं खाईल."

जुरेमाने सुपाची चव घेतली. "देओलिंदाबाई, याला इतकं मीठ चालत नाही. पहिल्यापासूनच नाही."

"माझ्याकडे तर मुकाट खायचा."

"तुमच्याकडे मुकाटच असायचा तो," जुरेमा म्हणाली. टोमणा नव्हता, पण लागायचा तिथे लागला.

त्यानंतर जुरेमा रोज येऊन भरवायची आणि देओलिंदा चादरी धुवायची. तो गेला तेव्हा सगळ्यांनी देओलिंदाचे हात हातात घेतले. जुरेमा आपल्या मुलांना घेऊन दफनभूमीच्या फाटकाशी उभी होती. आठवडाभराने ती बेकरीत आली.

"एक मागायचंय. माझी वेळ येईल तेव्हा त्याच्याशेजारी जागा द्या. त्याच्या थडग्यात एकच जागा रिकामी आहे, आणि ती तुमच्या नावावर आहे."

"बायको मी आहे," देओलिंदा म्हणाली आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली.

मग ती गावी गेली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. बहीण फेलिस्मिना तिला बसथांब्यावर घ्यायला आली होती. तिने तोंड उघडताच गावातल्या पोरी हसल्या. इथे आता तिचे शब्द फार लांबत होते, गाण्यासारखे. दोन दिवसांत तिचं नाव 'ब्राझीलवाली' पडलं. बायका तिचे हात चाचपून म्हणायच्या, "नशीब काढलंस हो. आम्ही इथेच बटाटे खणत राहिलो."

अमादेउ अजून होता. बायको गेलेली, गुडघे गेलेले. भिंतीला पाठ टेकून तो चेस्टनट सोलत होता. देओलिंदा त्याच्यासमोर बसली.

"तुमचा भाऊ गेला. एक विचारते, खरं सांगा. लग्नाच्या वेळी जुरेमाचं तुम्हाला ठाऊक होतं?"

त्याने हातातला चेस्टनट सोलून बाजूला ठेवला. "होतं. त्याने मला कळवलं होतं. थोरला मुलगा तेव्हा नुकताच झाला होता."

"तरी 'होय' म्हणालात."

"आई म्हणाली म्हण, म्हणून म्हणालो. पण चोरून काही केलं नाही हं. आदल्या दिवशी तुझ्या आईकडे जाऊन सगळं सांगून आलो होतो मी."

"माझ्या आईला?"

"हो. ती म्हणाली, जाऊ दे तिला. इथे राहून तरी काय खाणार? तिथे निदान पाव तरी रोजचा आहे." त्याने सोललेले चेस्टनट तिच्यापुढे सरकवले. "घे. यंदा गोड आहेत."

तिने घेतले नाहीत. म्हणजे चर्चच्या पायरीवर पत्र वाचून व्हायचं, बायका माना डोलवायच्या आणि त्यांच्यात बसून आई ते खोटं दर वेळी ऐकून घ्यायची, खोटं आहे हे ठाऊक असून. आईने कधी उलट विचारलं नाही, बाई गं, खरंच कशी आहेस.

त्या रात्री ती फेलिस्मिनाला म्हणाली, "मी परत जाते."

"अगं, आत्ताच तर आलीस. आईच्या थडग्यावर फुलं तरी वाहा."

"तू वाहा," देओलिंदा म्हणाली.

सांतोसला पोचल्यावर ती टेकडीवर गेली. जुरेमाचं घर तिने पहिल्यांदाच पाहिलं. आत बोलावलं तरी ती उंबऱ्याबाहेरच थांबली.

"ती जागा घे तू."

"आणि तुम्ही?" जुरेमाने विचारलं.

"माझं लग्न त्याच्या भावाशी लागलं होतं," ती म्हणाली. जुरेमाला वाटलं, प्रवासाने बाईचं डोकं फिरलं. तिने पाणी पुढे केलं. देओलिंदाने ते न घेताच पायऱ्या उतरायला सुरुवात केली. त्या दोघी मैत्रिणी वगैरे काही झाल्या नाहीत. रस्त्यात भेटल्या तर एकमेकींना ओळख द्यायच्या, एवढंच.

हात चालेनात तेव्हा तिने बेकरी विकली आणि पोर्तुगीज मंडळींच्या वृद्धाश्रमात एक खाट घेतली. तिथे दुपारी बायका ओसरीवर बसून आपापल्या गावच्या आठवणी काढायच्या, कुणाचा नवरा कसा होता ते सांगायच्या. ती विणकाम घेऊन त्यांच्यात बसायची, पण स्वतःहून काही बोलायची नाही. नवीन आलेली एखादी विचारायची, "तुम्ही कुठल्या गावच्या?"

"इथलीच," देओलिंदा म्हणायची, आणि तिचं ना इथलं ना तिथलं बोलणं ऐकून बाकीच्या हसायच्या.