सहाशे तेरा नंबरचं पुस्तक

माझ्या नोकरीत बातमीतला 'म्हणे' हा शब्द खोडायचा नियम होता. कोण म्हणे, कधी म्हणे, पाहिलं कुणी – याचं उत्तर नसेल तर मजकूर टोपलीत. भानामतीच्या, दगड पडण्याच्या, अंगात येण्याच्या किती बातम्या मी अशा टोपलीत टाकल्या याची गणती नाही. अशा गोष्टींवर माझा विश्वास नव्हता आणि आजही नाही. म्हणून खाली जे लिहितोय त्यात मी स्वतः पाहिलेलं आणि तपासलेलं तेवढंच आहे.

तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या आदिलाबाद जिल्ह्यातलं बेला हे आमचं गाव. महाराष्ट्राची हद्द इतकी जवळ की बाजारात मराठी आणि कचेरीत तेलुगू. गावात एका खोलीचं मराठी वाचनालय होतं. ते निवृत्त शिक्षक वाघमारे गुरुजी चालवायचे. लोखंडी कपाटं दोन, बाक एक. पुस्तक आलं की रजिस्टरात पुढचा क्रमांक टाकायचा आणि तोच पुस्तकाच्या पुठ्ठ्यावर. इथवर कुठल्याही वाचनालयासारखंच.

वेगळा होता तो गुरुजींचा नियम – "एक तुमचं, एक माझं." तुमच्या आवडीचं एक पुस्तक न्यायचं आणि गुरुजींनी ठरवलेलं एक न्यायचंच. त्याचा क्रमांक ते तुमच्या कार्डाच्या मागे पेन्सिलीने लिहीत. परत करताना विचारत, "काय वाचलं, सांग." नुसतं चाळलेलं असलं तर पुढचं मिळत नसे. शिंप्याला त्यांनी समुद्रातल्या माशांचं पुस्तक दिलं, पोस्टमनला ताऱ्यांचं, कापसाच्या दलालाला एका डॉक्टरच्या आठवणी. मी बारा वर्षांचा असताना माझ्या हातात रेल्वेचं जुनं टाइमटेबल ठेवलं आणि म्हणाले, "यातून एक गोष्ट काढून आण." लोक कुरकुरत, पण नेत.

पुढे मी आदिलाबादला एका मराठी दैनिकाचं काम करू लागलो. रविवारी वाचकांना पुस्तकं सुचवणारं छोटं सदरही माझ्याकडे होतं. स्वयंपाक, इतिहास, शेती, प्रवास, कविता – दर आठवड्याला एक. त्यासाठी पुस्तकं ऑफिसात फुकट यायची.

गुरुजी डिसेंबरात वारले. वाचनालयाला कुलूप लागलं. एप्रिलमध्ये मी ठरवलं की साठलेली पुस्तकं तिथे द्यावीत आणि खोली पुन्हा उघडावी. हे आधी कुणाशी बोललो नव्हतो, गुरुजींशी तर नाहीच.

खोक्यात सोळा पुस्तकं भरली होती. आदिलाबादच्या बसस्टँडवर एक सहकारी भेटला, त्याने वरचं एक मागून घेतलं. उरली पंधरा. त्यातलं सगळ्यात तळाचं म्हणजे एक चाळीस पानांची, पिन मारलेली पुस्तिका होती – विहिरींची बांधणी आणि देखभाल. सदरात घेण्यासारखी नव्हती. खोक्याचा तळ ताठ राहावा म्हणून घातली होती.

बेल्यात गुरुजींच्या घरून चावी घेतली. रजिस्टर ५९८ वर थांबलं होतं. मी वरून एकेक पुस्तक काढत ५९९ पासून क्रमांक टाकत गेलो. पुस्तिका शेवटी आली. नोंदवू की नको, असं क्षणभर वाटलं. मग नोंदवली – ६१३.

शाई वाळत होती तेव्हा माझी थोरली बहीण आली. कमलताईचं सासर बेल्यापासून चार किलोमीटरवर. वाचनालय उघडणार म्हणून मीच तिला सकाळी निरोप धाडला होता.

"आलास बाबा एकदाचा. चार महिने झाले, घरात वाचाले काही नाही." तिने कार्ड टेबलावर ठेवलं. "गुरुजीचं पहा कोनतं लिहेलं हाये."

मी कार्ड उलटलं. पेन्सिलीने दोन आकडे. ६१३. त्याखाली ७०२.

"हे कधी लिहिलं त्यांनी?"

"दिवाळीच्या वक्ताले गेली होती ना, तवाच. मंग ते बिमार पडले. काऊन, काय झालं?"

मी कार्ड तिच्यापुढे ठेवलं. रजिस्टर तिच्याकडे फिरवलं. तिने बोट लावून वाचलं आणि हसली. "विहीर? मले काय विहीर खंदाची हाये? गुरुजी गेले तरी पिच्छा नाही सोडत."

"योगायोग आहे," मी म्हटलं. "नको असेल तर नको नेऊस."

"वा रे! मंग वरती भेटल्यावर इचारतीन, काय वाचलं सांग." तिने पुस्तिका पिशवीत टाकली. आवडीचं म्हणून एक कादंबरी घेतली.

त्या रात्री मी तिच्याकडेच राहिलो. सकाळी भाऊजी शेतात निघाले. त्यांच्या शेतात एक जुनी विहीर होती, दोन वर्षं न वापरलेली. वर फळ्या आणि पऱ्हाटीचे, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांचे, भारे टाकले होते, त्यातली बरीच पऱ्हाटी आत पडून कुजली होती. कापसाच्या आधी विहीर साफ करायची होती. ही गोष्ट मला शेतात पोचल्यावर कळली. ताईला सकाळी भाऊजी निघताना कळली असावी. गुरुजी हयात असताना ती विहीर उघडण्याचा विषयही घरात निघाला नव्हता. हे मी भाऊजींना पुढे दोनदा विचारून घेतलं.

साडेदहाच्या सुमारास मी विहिरीपाशी होतो. फळ्या काढून झाल्या होत्या. भाऊजींनी कमरेला दोर बांधला होता, ते काठावर पाय सोडून बसले होते. दोराचं दुसरं टोक शेजारच्या मोतीरामच्या हातात.

तेवढ्यात बांधावरून ताई येताना दिसली. जवळजवळ पळत. हातात कंदील... पेटलेला. एप्रिलचं ऊन डोक्यावर, आणि तिच्या हातात पेटलेला कंदील.

मोतीराम ओरडला, "वैनी, दिवसा कंदील? ऊन कमी पडून राह्यलं काय?"

"उतरू नका!" ती धापा टाकत म्हणाली. "आदी हा उतरवाचा."

भाऊजी चिडले. "कमल, लोकायसमोर तमाशा करू नको. दोन घंट्याचं काम हाये."

"चार घंटे लागू द्या. आदी हा जाईन, मंग तुमी."

"कोनं सांगतलं तुले?"

"गुरुजीनं."

मोतीराम हसायचा थांबला. गुरुजींना जाऊन चार महिने झाले होते, हे त्यालाही माहीत होतं.

ताईने बादलीची दोरी कंदिलाला बांधली आणि तो आत सोडला. मी काठावरून पाहत होतो. पहिल्या पुरुषभर खोलीपर्यंत ज्योत नीट होती. दोन पुरुष खोलीवर ती लहान झाली, निळसर दिसली आणि गेली. फडफडली नाही. कुणी चिमटीत धरून विझवावी तशी गेली.

"हवेनं इझला असन," मोतीराम म्हणाला.

"खाली कायची हवा, मोती?" हे भाऊजी म्हणाले. आवाज बदलला होता.

कंदील वर काढून पुन्हा पेटवला. पुन्हा सोडला. त्याच खोलीवर विझला. तिसऱ्यांदा मी स्वतः दोरी धरली. आधी ज्योत विझली त्या खोलीची खूण म्हणून दोरीला मी गाठ मारून ठेवली होती. ती गाठ काठाशी आली आणि ज्योत गेली. भाऊजींनी पाय वर घेतले. कमरेचा दोर सोडायला त्यांना वेळ लागला. 

पुस्तिकेच्या एकोणिसाव्या पानावर लिहिलं होतं की बंद विहिरीत कुजका पाला असेल तर खाली घातक हवा साचते, तिला वास नसतो, उतरणारा माणूस हाक मारण्याआधीच पडतो आणि त्याला काढायला जाणाराही पडतो. कडुलिंबाच्या फांद्या दोराला बांधून आम्ही दोन दिवस आत घुसळत राहिलो. तिसऱ्या दिवशी कंदील तळापर्यंत जळत गेला.

कंदिलाची ही रीत जुन्या माणसांना ठाऊक असते, असं नंतर अनेकांनी सांगितलं. खरं असेल. त्या सकाळी विहिरीवर ते ठाऊक असणारं कुणी नव्हतं.

मग मी माझं काम केलं. अक्षर गुरुजींचंच – त्यांचा सहा खाली शेपूट ओढलेला असे, तसाच. ताईने लिहावं तर तिला खोका माहीत नव्हता. मी नकळत जुळवावं तर कार्ड बघण्याआधी माझी नोंद झाली होती. बाकी सभासदांची कार्डं मागवून पाहिली, सव्वीस मिळाली. एकावरही ५९८ च्या पुढचा आकडा नव्हता. गुरुजी चुकले म्हणावं तर आजवर त्यांनी क्रमांक चुकवलेला कुणाला आठवत नाही. आणि बसस्टँडवर सहकाऱ्याने ते पुस्तक मागितलं नसतं, तर पुस्तिका ६१४ झाली असती.

या गोष्टीला आता वीस वर्षं होतील. भाऊजी ठणठणीत आहेत. मी निवृत्त झालोय. वाचनालय चालू आहे – वर्षाला चार-पाच पुस्तकं, कधी तीही नाहीत. रजिस्टर सध्या ७०१ वर आहे, आणि ताईच्या कार्डावरचा दुसरा आकडा अजून बाकी आहे.

गेलं वर्षभर मी बेल्याला एकही पुस्तक नेलेलं नाही. आयुष्यभर लोकांना पुस्तकं सुचवली आणि बहिणीसाठी एक निवडता येईना. काय घालू खोक्यात? हृदयविकारावरचं? सापांवरचं? कायद्याचं? परवा ताईचा फोन आला होता.

"काऊन रे, थांबून काऊन राह्यला?"

"कोणतं आणू, तेच कळत नाही."

"तू निवडू नको. तवा तरी कुठं निवडलं होतं तू?" मग ती म्हणाली, "अन् मागच्या टाइमले पुस्तक एकच दिवस आदी आलं होतं. ध्यानात ठेव."

फोन ठेवल्यावर मी बायकोला कॉलनीतून जुनी पुस्तकं गोळा करायला सांगितली. खोका तिनेच भरला, तिनेच बांधला. वर कोणतं पुस्तक आहे ते मी विचारलेलं नाही. त्या आकड्यांमागचं कारण आजही सापडलेलं नाही, आणि शोधत बसायला वेळ आहे की नाही तेही माहीत नाही. खोका दाराशी ठेवलाय. बेल्याची पहिली बस सकाळी सहाला सुटते.