जग संपलेला पिच्चर आणि आमची पितळी कळशी

जग संपल्यावर काय होतं, हे बघायला आमच्या घरची चार माणसं मॉलमध्ये गेली होती. मी, मुलगा, सून आणि कॉलेजात जाणारी नात. नातीनंच मोबाईलवर जागा धरल्या. मला म्हणाली, "आबा, घरात बसून बसून तुमचं तोंड उतरलंय. चला, जरा करमणूक होईल." करमणूक काय, तर पृथ्वीवरचं सगळं पाणी आटलंय आणि माणसं एकमेकांचे गळे दाबतायत. माझी बायको जाऊन तेव्हा दहा महिने झाले होते. अशा माणसाला हसवायला याच्यापेक्षा चांगला पिच्चर सोलापुरात लागला नसावा.

मी चौथी शिकलेला माणूस. जन्म सगळा चादरीच्या कारखान्यात माग चालवण्यात गेला आणि त्या खडखडाटात कानही अर्धे गेले. त्यामुळं पिच्चरमधलं बोलणं मला अर्धंमुर्धं कळतं. पण यात बोलणं फारसं नव्हतंच. परदेशातला पिच्चर, हिंदी बोलायला शिकवलेला. एक दाढीवाला माणूस वाळूतून चालतो. पाठीला एक लोखंडी डबा बांधलेला. त्याची बायको मरायच्या आधी त्यात पाणी भरून, झाकण लावून गेलेली. लोक भिंतीवरचं दव चाटतात, एक जण मोटारीच्या इंजिनातलं काळं पाणी पितो, डब्यासाठी दोन खून पडतात, ह्या गड्याची जीभ सुजून बाहेर येते, पण डबा काही उघडत नाही. शेवटी उघडतो. आत ठणठणीत कोरडं. बुडाला बारीक भोक, पाणी कधीचं गळून गेलेलं. तो आत बघतो, झाकण लावतो, डबा परत पाठीला बांधतो आणि चालायला लागतो. संपलं.

दिवे लागले आणि मग लोकांच्या मतांचा पिच्चर सुरू झाला. तो ह्याच्यापेक्षा रंगला.

पुढच्या रांगेतला एक जाडजूड गडी उठता उठता म्हणाला, "येडंय का हे. पयल्याच दिशी पिऊन टाकायचं की." त्याच्या बायकोला वेगळीच काळजी लागलेली. जगात पाणी नाही तर ह्याची दाढी इतकी नीट कापली कुणी. मागून कुणीतरी म्हणालं, "एक गाणं न्हाय, एक फाईट न्हाय, नुसता सुतकाचा कार्यक्रम." सुतक म्हणजे काय ते त्याला ठाऊक असावं असं काही तोंडावरून वाटलं नाही. माझ्या शेजारचा कानात बोंडं घातलेला पोरगा मात्र भारावला होता. "काय रिअल दाखवलंय, अंगावर काटा आला," असं म्हणत त्यानं अर्धी भरलेली पाण्याची बाटली खुर्चीखाली सरकवली आणि निघाला.

मी वाकून बघितलं. खुर्च्यांखाली अशा बाटल्याच बाटल्या. मी हाताला लागल्या तेवढ्या तीन उचलल्या आणि पिशवीत घातल्या.

"आबा, ठेवा ना तिथंच. लोक बघतायत."

"बघू दे की. इतका येळ पाण्याकडंच बघत होती."

रिक्षात नात मोबाईलवरून मतं वाचून दाखवत होती. आता पिच्चर बघितल्यावर आख्ख्या जगाला आपलं मत कळवावं लागतं, त्याशिवाय जेवण पचत नाही. कुणी लिहिलेलं, फार संथ. कुणी लिहिलेलं, आशेचा किरण दाखवायला हवा होता. एकानं तर पिच्चर अर्धा सोडून घरी गेलो असं लिहून शेवट कसा चुकला ते सांगितलं होतं. माझा मुलगा औषधाच्या दुकानात हिशोबानं गोळ्या मोजून देणारा. तो म्हणाला, "प्रॅक्टिकल नाही. डबा हलका झालेला पाठीला कळत नाही होय?"

हे मत मला झोंबलं. 

"आबा, तुम्ही किती स्टार देणार? पाचातले?"

"इचार करून सांगतो."

विचार करण्यासारखं काही नव्हतं. त्या सगळ्या थेटरात तो दाढीवाला शहाणा आहे असं वाटणारा मी एकटाच होतो, आणि त्याचं कारण माझ्या खाटेच्या उशाला, स्टुलावर ठेवलेलं होतं.

आमच्याकडं नळाला पाणी चौथ्या-पाचव्या दिवशी येतं. आलं की बॅरल, घागरी, बादल्या, पातेली, सगळं भरायचं. हे काम हिचं, माझ्या बायकोचं. मोडनिंबहून लग्नात आलेली पितळी कळशी ती सगळ्यात शेवटी भरायची, तोंडाला मागावरच्या कापडाचा तुकडा बांधायची आणि गाठ मारायची. गाठ मागासाठी सुताच्या कांड्या भरणाऱ्या बायकांची. सूत तुटलं की दोन टोकं जुळवून मारतात ती. बारीक, घट्ट, दिसत नाही आणि नखानं सोडल्याशिवाय सुटत नाही. कारखान्यात ती कांड्याच भरायची, तिथंच आमचं जमलं. जायच्या आदल्या दिवशीही तिनं पाणी भरलं, कळशी बांधली. दुसऱ्या दिवशी छातीत दुखतंय म्हणाली. दवाखान्यात चालत गेली आणि परत आली ती आडवी.

घरात मयत झालं की घरात भरून ठेवलेलं पाणी ओतून टाकतात. गल्लीतल्या बायका जमल्या आणि माझ्यादेखत बॅरल आडवं केलं, घागरी पालथ्या घातल्या. ते तिच्याच हातचं पाणी होतं, सगळं मोरीतून गेलं. मी कळशी तेवढी पोटाशी धरून बसलो. एक म्हातारी म्हणाली, असं चालत नाही. मी म्हणालो, न चालणाऱ्या लई गोष्टी आज झाल्या, त्यात ही एक. मग कुणी नाद केला नाही.

तेव्हापासून रोज सकाळी मी कळशीवर बोटानं टिचकी मारायचो. भरलेल्या कळशीचा आवाज बद्द येतो. गाठ चाचपायची, तीच गाठ. मग दोन गोष्टी बोलायच्या. काय बोलायचो ते सांगत नाही, तुमचा त्याच्याशी संबंध नाही.

मधे एकदा घरोघरी डासांच्या अळ्या बघत फिरणाऱ्या बाया आल्या. आठवड्यातून एक दिवस भांडी कोरडी ठेवा, असं सांगत होत्या. पाणी चार दिवसांनी येतं तिथं भांडी कोरडी ठेवायला सांगायला धाडस लागतं. कळशीकडं बोट दाखवून विचारलं, हे काय. मी म्हणालो, देवाचं पाणी. तरी एकीनं कापड सोडून बॅटरी मारलीच. म्हणाली, "छान स्वच्छ आहे आजोबा. असंच ठेवत जा." माझी छाती फुगली. मी मनात म्हणालो, तिच्या हातचं पाणी ते, त्याला अळी होईलच कशी. सून दारात उभी होती. तिनं पुढं होऊन कापड परत बांधलं. माझं लक्ष त्या बाईच्या बॅटरीकडं.

तर त्या संध्याकाळी रिक्षा गल्लीत शिरली. शेजारचे रिटायर गुरुजी फाटकात उभे होते. हाच पिच्चर त्यांनी आदल्या दिवशी बघितलेला. गुरुजींना कुठल्याही गोष्टीतून बोध निघतो. म्हणाले, "मोठा संदेश आहे त्यात. थेंबा-थेंबाचं मोल कळलं पाहिजे माणसाला." एवढ्यात पलीकडून एका बाईनं हाळी दिली, "पाणी आलं गं."

मग आमच्या गल्लीत जे होतं ते कुठल्या पिच्चरवाल्याला सुचणार नाही. नवं पाणी आलं की जुनं ते शिळं. चार दिवसांचं, स्वच्छ, झाकून ठेवलेलं, पण शिळं. ते आधी ओतायचं आणि मग भांडी भरायची. थेंबाचं मोल सांगणाऱ्या गुरुजींनी धोतर खोचून अर्धं बॅरल गटारीत कलतं केलं. समोरच्यांनी दोन घागरी रस्त्यावर मारल्या, धूळ बसावी म्हणून. घरोघर पाणी ओढणाऱ्या मोटारी गुरगुरायला लागल्या. ज्या माणसाला जग संपताना बघायचं आहे त्यानं तिकीट काढू नये, आमच्या गल्लीत पाण्याच्या दिवशी यावं.

हा गोंधळ मला ती गेल्यापासून सोसत नाही. पाणी आलं की मी उठून कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीवर जाऊन बसतो. तसाच निघालो. टपरीपाशी गेल्यावर लक्षात आलं की पिशवी हातातच आहे, तीन बाटल्यांची. चहावाल्यानं विचारलं असतं, आबा, पाणी इकायला सुरू केलं का. म्हणून परत फिरलो.

दारातून बघतो तर सून माझ्या खोलीत. तिनं नखानं गाठ सोडली, कापड खांद्यावर टाकलं, कळशी उचलून पाणी बादलीत ओतलं. आतून हात फिरवून विसळली. नळाला लावलेली नळी आत सोडून भरली, गळ्याच्या खाली चार बोटं, बरोबर हिच्यासारखी. स्टुलावर ठेवली. कापड बांधलं आणि गाठ मारायला लागली, तीच, कांडीवाल्या बायकांची. हात असा चालत होता की ही काही पहिली वेळ नाही, हे आंधळ्यालाही कळलं असतं.

मी म्हणालो, "किती दिस चाललंय हे?"

ती दचकली, पण गाठ पुरी केली. "तेरावं झाल्यावर जे पयलं पाणी आलं, तवापासनं."

"दर पाण्याला?"

"दर पाण्याला. मागच्या गल्लीत दोन पोरं डेंगीनं दवाखान्यात होती, मामा. आन् तुमी कळशी उशाला घेऊन झोपता."

"मला सांगायचं व्हतं."

"सांगितलं असतं तर ऐकलं असतं तुमी?"

मी खाटेवर बसलो. दहा महिने मी नळाच्या पाण्याशी बोलत होतो. दर चार दिवसांनी वेगळ्या. थेटरातला तो जाडजूड गडी भेटला असता तर मी त्याला शेजारी बसवून म्हणालो असतो, बोल बाबा, तुझंच बरोबर.

"ही गाठ तुला कुणी शिकवली?"

"आत्यांनी. दुपारचं बसायचो तवा."

दुपारच्या बसून ह्या सासू-सुना काय करायच्या, ते मी कधी विचारलंच नव्हतं.

मग जे विचारायचं होतं ते विचारलं. "पयलं पाणी कुटं ओतलं? तिच्या हातचं?" मोरीत म्हणाली असती तर काय झालं असतं, मला आजही सांगता येत नाही.

"मोरीत न्हाय ओतलं," ती म्हणाली. "आत्यांनी डब्यात लावलेल्या कढीपत्त्याला घातलं. तवा पार वाळून चाललेला तो. आता बघा की कसा झालाय. त्याचाच पाला रोज आमटीत घालते, आन् तुमी वेचून वेचून ताटाच्या कडंला काढून ठेवता."

तिनं बादली उचलली आणि गेली. नळ जायच्या आत बॅरल भरायचं होतं.

जेवताना नातीनं मोबाईल पुढं केला. "आबा, सांगा ना. किती स्टार? तुमच्या नावानं टाकते."

मी म्हणालो, "पाचातले चार. गडी चांगला होता, चाललाही चांगला. एक कापलाय, कारण त्येला सून न्हवती."

"हे काय मत झालं?"

"जगाला कळव म्हणालीस, कळवलं."

सून खाली मान घालून वाढत होती. मुलाला काही कळलं नाही, तो पाणी प्रॅक्टिकली किती दिवस टिकतं ते सांगत होता. आमटीत कढीपत्त्याची सात-आठ पानं होती. मी एक काढून ताटाच्या कडेला ठेवलं. मग ते उचललं आणि चावलं. निबर होतं, थोडं कडू. बाकीची पण खाल्ली.