दगडखाणीतला नारळ

पुढाऱ्याच्या वाढदिवसाच्या फटाक्यांचा वास खिडकीतून आला आणि त्याची बंद पडलेली दगडखाण आठवली. तिथे त्यानेच बेवारस सोडलेल्या, पाझरून चिकट झालेल्या सुरुंगाच्या जिलेटीन कांड्या नष्ट करायला बीडहून बॉम्ब पथक आलं होतं. खड्डा खणून, वाळूच्या गोण्या रचून झाल्या आणि हा पुढारी कडक इस्त्रीत नारळ घेऊन हजर! "नारळ फोडल्याबिगर काम सुरू करायचं न्हाई," म्हणत कांड्यांजवळच्या दगडाकडे निघाला. पथकातला हवालदार ओरडला, "साहेब, नुसत्या हादऱ्यानं उडतील!" पुढारी थबकला, नारळ आपल्या ड्रायव्हरच्या हातात कोंबला, "तू फोड बे," म्हणाला आणि लांब उभ्या असलेल्या गाडीत जाऊन बसला. हवालदाराने धावत जाऊन नारळ हिसकावला, म्हणून तो ड्रायव्हर वाचला. आज समोरच्या फ्लेक्सवर पुढारी हात जोडून हसतोय आणि खाली लिहिलंय, 'निर्भीड नेतृत्व'.