आमच्या मंडळीची पेटी

कबर खोदणाऱ्याला गोष्टी शोधत फिरावं लागत नाही. त्या मातीबरोबर नखांत बसतात आणि हात धुतले तरी निघत नाहीत. त्यातून दुष्काळाची ती वर्षं, हात धुवायलाच पाणी नव्हतं. म्हणून माझ्याकडे पुष्कळ साठल्यात. चारचौघांत बोलायला मला जमत नाही. लिहायला बसलं की तुमच्याशी गप्पा मारल्यासारखं वाटतं.

आमचं गाव नेवाशाच्या बाजूचं, पण नदीपासून लांब. गावाच्या खालच्या अंगाला आमची ख्रिस्ती वस्ती, पुढं चर्च. चर्चच्या माणसांना आम्ही मंडळी म्हणतो. एका रविवारी पाळकसाहेब उपदेशात म्हणाले, "नुसतं आमेन म्हणून भागत नाही. मंडळीत माणसं जातायत आणि खोदायला शमुवेलमामा एकटा. त्याला कोण हात देतो?"

सगळ्यांनी माना गीतांच्या पुस्तकात घातल्या. मी सातवीतून शाळा सोडलेली, माझ्या हातात पुस्तक नव्हतं. त्यामुळं पाळकसाहेबांची आणि माझी नजरानजर झाली. तेवढ्यावर माझं नाव ठरलं.

शमुवेलमामानं मला वरखाली पाहिलं. साठीचा, वाळका, मिशा पिकलेल्या. "बोलतो का ह्यो?"

"कमी बोलतो," पाळकसाहेब म्हणाले.

"मग झ्याक. आपल्या गिऱ्हाइकालाबी बोलायची सवय न्हाई."

* * *

मयत न्यायला मंडळीची एकच पेटी. सगळ्यांना तीच. कबरीपर्यंत न्यायचं, चादरीत गुंडाळलेलं मयत दोरानं आत सोडायचं, माती द्यायची आणि पेटी रिकामी परत आणून चर्चच्या पडवीत उभी करायची.

ती केली योहान सुतारानं. माप कोणाचं घ्यायचं म्हणून स्वतःच फळीवर आडवा झाला आणि बायकोला म्हणाला, "सुशीला, खडूनं रेघ मार."

"मी न्हाई मारत," सुशीला म्हणाली. शेवटी रेघ मामानं मारली. "वाईच ढिली ठेवतो," मामा म्हणाला, "वर गेल्यावर कुनाची कुरकुर नको."

मंडळीनं योहानला एक छोटी पेटीही करायला सांगितली होती. तो नाही म्हणाला. त्याची आणि सुशीलाची पहिली दोन बाळं कबरस्थानात आहेत. दोघांना त्यानं हातांवर नेलं होतं. त्या उन्हाळ्यात सुशीलाला परत दिवस गेले होते. वस्तीत सगळ्यांना ठाऊक, पण तोंडानं कोणी काढत नव्हतं.

* * *

पेटीला खांदा आम्ही चौघं द्यायचो. मामा, योहान, मी आणि पाळकसाहेब. बाकीचे दिवसभर दुष्काळी कामावर खडी फोडून आलेले असायचे. तसे आम्हीही फोडूनच यायचो. "सकाळी सरकारची खडी, सांजच्याला देवाची," मामा म्हणायचा.

जमीन दगडासारखी. पहार मारली की ठिणगी उडायची. कमरेइतका खड्डा झाला की मी थांबायचो. मामा म्हणायचा, "अजून घे. औंदा कुत्रीबी उपाशी हायती."

मी अजून घ्यायचो.

* * *

वस्तीकडून कबरस्थानाला आणि डांबरी सडकेला जायची जवळची वाट धोंडिबा पाटलाच्या बांधावरून. पण आमची पेटी बांधावरून न्यायची नाही, असा पाटलाचा हुकूम होता. त्याच्या बापाचाही तोच हुकूम. मग आम्ही नाल्यातून वळसा घालायचो. दुष्काळात नाला कोरडा. "ह्यो एक फायदा झाला बगा," मामा म्हणाला, "पाय भिजत न्हाईत."

गावात पाणी राहिलं होतं ते पाटलाच्याच विहिरीला. भर वैशाखात एकदा खोदून परत येताना मामाच्या डोळ्यांपुढं अंधारी आली. बांधाच्या कडेला, खाली नाल्यातच उभा राहून त्यानं हाक दिली, "मालक, घोटभर पानी मिळंल का?"

पाटील लिंबाखाली बाजेवर होता. उठला नाही. "नाल्यात बघ की," म्हणाला.

मामानं खरंच खाली वाकून नाल्यात पाहिलं. मग मला म्हणाला, "न्हाई. चल."

त्यानंतर त्यानं पाटलाकडं कधी काही मागितलं नाही.

* * *

खडीच्या कामावर एक माणूस ऊन लागून गेला. मराठवाड्याकडून आलेला, बरोबर कोणी नाही. गाव म्हणालं, आमचा नाही. मुकादम म्हणाला, माझा नाही. संध्याकाळपर्यंत तो ढिगाऱ्याच्या सावलीला तसाच पडून होता.

पाळकसाहेबांनी पेटी काढायला सांगितली. तेव्हा आमच्यातलेच एक वडीलधारे आडवे आले. "मंडळीची पेटी आहे, साहेब. माणूस ख्रिस्ती होता का, ते तरी बघा."

मामा पहार घेऊन निघालाच होता. वळून म्हणाला, "तुमीच इचारा त्याला. न्हाई म्हनला तर मी खड्डा बुजवतो."

चादर कुठून आणायची? मामानं आपलं पांघरूण दिलं. पुढं थंडीत तो पोतं पांघरून झोपायचा. मंडळीनं ख्रिसमसला त्याला घोंगडी दिली. ती त्यानं सुशीलाला नेऊन दिली. "तुला दोघांचं पांघरायचंय," म्हणाला.

* * *

मयताला हात लावलेला माणूस तसाच बाळंतीण व्हायच्या बाईजवळ जाऊ नये, असं योहानच्या मनानं घेतलं होतं. आंघोळीला तर पाणी नाही. म्हणून खांदा दिला की तो घरी जायचाच नाही, चर्चच्या पडवीत, पेटीशेजारी झोपायचा.

पाळकसाहेब रागावले. "योहान, हा कसला विश्वास?"

"साहेब, विश्वास हाय," योहान म्हणाला. "पन दोन गेली."

दुसऱ्या दिवसापासून पाळकसाहेब आपल्या वाटणीच्या पाण्यातला एक तांब्या पडवीत ठेवायला लागले.

* * *

सुशीलाला कळा लागल्या त्या दुपारी. बाळ आडवं आहे, आपल्या हातचं नाही, असं सुईण म्हणाली. मिशनचा दवाखाना लांब, सडकेवर जाऊन एसटी गाठायची. वस्तीत गाडी होती, बैल चारा छावणीला गेलेले. बाजेवरून न्यावं तर सुशीला बाजेवरून घसरत होती.

योहान चर्चकडं पळाला आणि पेटी घेऊन आला. बायका तोंडाला पदर लावून बघत राहिल्या. घोंगडी अंथरून आम्ही सुशीलाला आत ठेवलं. ती दात आवळून म्हणाली, "झाकन घरीच ठिवा."

आम्ही चौघांनी उचललं. पुढं मामा आणि योहान. नाल्याच्या वळणावर मामाचे पाय सवयीनं खाली वळले. योहान म्हणाला, "मामा, सरळ. आज मयत न्हाई."

पेटी बांधावर चढली. पाटील काठी घेऊन धावत आला. "कुनाला इचारून आला रं? मढं माज्या बांधावरनं?"

आम्ही थांबलो. पेटीच्या काठावर एक हात आला.

"मालक," आतून आवाज आला, "पानी."

पाटलाची काठी गळून पडली. तो दोन पावलं मागं सरला आणि मग विहिरीकडं पळाला. पितळी तांब्या भरून आणला, पेटीवर वाकला आणि स्वतःच्या हातानं तिच्या तोंडात पाणी ओतलं. निम्मं घोंगडीवर सांडलं.

मामा ते सांडलेलं बघत होता. पाटलानं तांब्या पुढं केला नाही आणि मामानं मागितला नाही.

एसटी मिळाली. पेटी टपावर चढवली, सुशीलाला शेवटच्या बाकावर झोपवलं. मुलगी झाली. जगली. आता पडवीतल्या त्याच पेटीला धरून उभी राहते.

* * *

शमुवेलमामा पुढच्या उन्हाळ्यात गेला. खडीच्या कामावरच खाली बसला, तो उठला नाही. त्याचा खड्डा मी एकट्यानं खोदला. कमरेइतका झाल्यावर थांबलो, मग अजून घेतला.

मामाच्या जागी खांद्याला सुशीलाचा भाऊ आला. नाल्याच्या वळणावर आम्ही नेहमीसारखे खाली वळलो.

"थांबा," वरून आवाज आला. "हिकडनं या."

पाटील बांधावर उभा होता. डोक्याला पटका नाही, हातात तोच पितळी तांब्या. आम्ही पाळकसाहेबांकडं पाहिलं. ते बांधाकडं वळले, म्हणून आम्हीही वळलो.

"खाली ठिवा," पाटील म्हणाला.

आम्ही पेटी बांधावर टेकवली.

"कोन हाय?"

"शमुवेल," पाळकसाहेब म्हणाले.

पाटलानं मान हलवली. मग पेटीजवळ उकिडवा बसला. तांब्या काठोकाठ भरलेला होता.

"त्याला इचारा," तो म्हणाला, "पानी पायजे का."

पाटील तांब्या धरून तसाच बसून राहिला.

मग योहाननं खाली वाकून झाकण काढलं.