काकाजींचा न सांडणारा पेला

सांडण्याशी उभा दावा मांडलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, माझ्या बायकोचे काका. आलापल्लीत सगळे त्यांना काकाजी म्हणत. लाकडाच्या डेपोतून निवृत्त झालेले, नेसायला पांढरंशुभ्र धोतर, आणि नजर कायम दुसऱ्याच्या हातातल्या कपावर. पाहुण्याला चहा अर्धा कपच द्यायचे आणि तो संपेपर्यंत "सांभाळून, भाऊ" म्हणत राहायचे. पाहुणा बिचारा त्या धाकानंच सांडायचा. मग काकाजी फडकं आणून त्याच्यासमोर जमीन पुसत. त्यापेक्षा शिव्या परवडल्या.

एकोणीसशे ऐंशीनंतरच्या वर्षांत आम्ही त्यांच्याकडेच राहायचो. आमची सुमी चालायला लागली आणि दिसेल तो पेला उलटा करणं हाच तिचा उद्योग झाला. काकाजींनी हार मानली नाही. तान्ह्या मुलांना दूध पाजायचं पितळी बोंडलं घेतलं, त्याला घट्ट झाकण करून घेतलं, चोचीत सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी बसवली आणि भर ओसरीत उलटं धरून दाखवलं. थेंब पडला नाही. सुमी चोखून चोखून लाल झाली, तरी थेंब आला नाही. मी म्हटलं, "काकाजी, पाणी बाहेर येत नाही." "नाईच येत," ते अभिमानानं म्हणाले.

त्याच उन्हाळ्यात सुमीला हगवण लागली. डोळे खोल गेले, रडताना आसवं येईनात. डॉक्टर म्हणाले, मीठ-साखरेचं पाणी घोट घोट पाजत राहा. दुपारपर्यंत लघवी झाली नाही तर चंद्रपूरला न्या. एवढ्या उन्हात, एवढ्या लांब पोर तग धरेल का, हीच सगळ्यांना धास्ती. बायकोनं चमचा पुढे केला की सुमी हातानं उडवायची. शेवटी काकाजींनी तिला मांडीवर घेतलं, बोंडल्याचं झाकण उपसून फेकलं आणि उघडं भांडंच तिच्या ओठांना लावलं. निम्मं पाणी पोटात, निम्मं धोतरावर. मी फडकं घेऊन धावलो.

"राहू दे," ते म्हणाले. "सांडून राह्यलं तं सांडू दे. पेऊन राह्यली नं पोरगी."

दुपारी ती त्यांच्या मांडीवरच झोपली, आणि झोपेतच तिनं त्यांचं उरलंसुरलं धोतर भिजवलं. काकाजी दचकले, मग त्यांचे डोळे भरून आले. बायको तिला घ्यायला वाकली. "उचलू नको तिले, बाई. निजू दे."

काकाजींना जाऊन आता बरीच वर्षं झाली. आठवतात ते त्या दिवशीचेच: भिजल्या धोतरानं संध्याकाळपर्यंत तसेच बसलेले, आणि दारात येईल त्याला हळूच सांगणारे, "मुतली आमची सुमी."