आप्पांची चारची गाडी

आमच्या घरात कॉम्प्युटर या विषयावर कोणी बोलत नाही, आणि माझं पोट त्याच्यावरच चालतं.

नव्वद सालानंतरची गोष्ट. मोरिवलीच्या एका केमिकल कारखान्यात आप्पा, म्हणजे माझे वडील, डिस्पॅचला होते आणि मी कॉम्प्युटर विभागात. (विभाग म्हणजे मी, एक टेबल आणि एक एसी. एसी कॉम्प्युटरसाठी होता.) सगळ्या खात्यांचे कॉम्प्युटर मी एका केबलने जोडले होते, पण प्रिंटर एकच. रोज भांडणं. म्हणून मी नंबर लावून दिले : साहेबांचं काम पहिलं, मग अकाउंट्स, मग स्टोअर्स, सगळ्यात शेवटी डिस्पॅच.

"शेवटी का?" आप्पांनी जेवताना विचारलं.

"गेटपास चार ओळींचा असतो, आप्पा. थांबला तर काय बिघडतं?"

"गाडी थांबते," आप्पा म्हणाले आणि त्यांनी ताक मागितलं.

मी तेवढ्यावर भागवलं नाही. हाताने लिहिलेले गेटपास चालणार नाहीत, असं सर्क्युलर स्वतःच्या सहीने काढलं. एकोणतीस वर्षांत आप्पांची मालाची चारची गाडी एकदाही उशिरा सुटली नव्हती. मिरवावी अशी त्यांच्याकडे तेवढी एकच गोष्ट होती.

रिटायरमेंटच्या दिवशी चारला त्यांची शेवटची गाडी आणि पाचला कँटीनमध्ये निरोप समारंभ होता. मानपत्र मीच लिहिलं. गुपचूप, साडेतीनला, साहेबांच्या कॉम्प्युटरवरून चाळीस प्रती सोडल्या, पहिला नंबर मिळावा म्हणून. मराठी अक्षरं तो प्रिंटर चित्रासारखी काढायचा, एका पानाला दोन मिनिटं. मी खुशीत हार बघायला गेलो.

चारला पाच कमी असताना आप्पा आले. "गेटपास येत नाही रे."

"येईल. पुढे एक मोठं काम आहे."

"कुणाचं?"

ते सांगता येईना. साहेबांचं काम साहेबांच्याच कॉम्प्युटरवरून थांबवता येईल अशी सोयही मीच केलेली, आणि साहेब केबिनला कुलूप लावून स्टेशनवर पाहुण्यांना आणायला गेलेले.

आप्पांनी कपाटातून जुनं कार्बनचं पुस्तक काढलं, सुरेख अक्षरात गेटपास लिहिला आणि गेटवर नेला. वॉचमन त्यांच्याच बरोबर नोकरीला लागलेला. त्याने भिंतीवरचं सर्क्युलर दाखवलं.

"आप्पा, तुमचा अक्षर मना ठाव हाय. पन ही सही तुमचेच पोराची हाय."

ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. आप्पांनी मनगटावरचं घड्याळ काढून खिशात टाकलं.

मानपत्रं, मग अकाउंट्स, मग स्टोअर्स असं सगळं उरकून गाडी पाच वाजून दहा मिनिटांनी सुटली. तोवर आप्पा गेटवरून हलले नाहीत. मग समारंभात साहेबांनी मानपत्र खणखणीत आवाजात वाचलं, "आपण एकही गाडी कधी एक मिनिटही उशिरा सोडली नाही." स्टोअर्सवाला हसला. मला लाज वाटली, ती अजून वाटते.

मानपत्र आमच्या कात्रपच्या घरात फ्रेम करून लावलंय. त्यातलं 'एकही' खोडून आप्पांनी वर, त्याच सुरेख अक्षरात, 'एक सोडून कोणतीही' असं लिहिलंय.

आणि त्या दिवसापासून घरात पहिलं पान आप्पांचं, मग आईचं, मग बायकोमुलांचं. माझं शेवटी. भूक लागली म्हणून कुरकुर केली, तर आप्पा ताकाचा पेला खाली ठेवून शांतपणे विचारतात, "थांबलास तर काय बिघडतं?"